जमीन हवी, माणसे नकोत!

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेच्या जनतेला अर्पण केला. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्या देशाने जे केले त्याबद्दलची ती कृतज्ञता होती. चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ही अर्पणपत्रिका ठाऊक आहे. पण त्यानंतर बरोबर पंचवीस वर्षांनी, १८९८ साली, त्याच अमेरिकेने काय केले हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. पाठ्यपुस्तकात क्युबासाठी स्पेनशी झालेले युद्ध दोन ओळींत उरकले जाते. अमेरिका महासत्ता कशी झाली ते सांगितले जाते, पण ती होत असताना तिच्या न्यायालयांनी माणसांच्या किती पायऱ्या पाडल्या ते सांगितले जात नाही. वकिली करणाऱ्या माणसाने हा इतिहास तोफांपेक्षा निकालपत्रांतून वाचावा असे मला वाटते. तोफा एकदाच उडतात. निकालपत्रे शंभर-सव्वाशे वर्षे लागू राहतात.

२५ एप्रिल १८९८ ही तारीख घ्या. त्या दिवशी अमेरिकन काँग्रेसने स्पेनविरुद्ध युद्धाची घोषणा केली. कारण काय, तर क्युबाच्या पीडित जनतेची मुक्तता! त्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विल्यम्स विरुद्ध मिसिसिपी या खटल्याचा निकाल दिला. मिसिसिपी राज्याने साक्षरतेची परीक्षा आणि मतदान कर लावून काळ्या जनतेचा मताधिकार व्यवहारात संपवला होता. न्यायालय म्हणाले, कायद्याच्या शब्दांत कुठे वंशाचा उल्लेख नाही, म्हणून कायदा वैध! दोन वर्षे आधी, १८९६ साली, प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात याच न्यायालयाने रेल्वेचे डबे वेगळे ठेवणे म्हणजे विषमता नव्हे असा निर्वाळा दिला होता. १० नोव्हेंबर १८९८ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टन शहरात सशस्त्र गोऱ्या जमावाने काळ्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी जाळली, काळ्या लोकांची कत्तल केली आणि निवडून आलेले नगर प्रशासन उलथून टाकले. बरोबर एका महिन्याने, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये तह झाला आणि प्युर्टो रिको, ग्वाम व फिलिपाईन्स ही बेटे अमेरिकेच्या ताब्यात आली. घरात जे चालले होते तेच जहाजात बसून समुद्रापार गेले.

फिलिपाईन्ससाठी अमेरिकेने स्पेनला दोन कोटी डॉलर मोजले. तिथल्या जनतेला कोणी विचारले नाही. खरे तर १२ जून १८९८ रोजीच फिलिपिनोंनी अ‍ॅग्विनाल्दो यांच्या नेतृत्वाखाली आपले स्वातंत्र्य जाहीर केले होते. पण मालक बदलला आणि त्यांची विक्री झाली.

या पॅरिस तहाचे नववे कलम मुळातून वाचण्यासारखे आहे. स्पेनमध्ये जन्मलेल्या लोकांना त्यात निवड दिली आहे. त्यांनी वाटल्यास स्पेनचे प्रजानन राहावे, वाटल्यास नव्या सत्तेशी निष्ठा पत्करावी. आणि मूळ रहिवाशांचे काय? त्यांचे नागरी हक्क आणि राजकीय दर्जा काँग्रेस ठरवील, एवढेच! यापूर्वी अमेरिकेने १८०३ साली लुइझियाना घेतले, १८४८ साली मेक्सिकोकडून कॅलिफोर्निया घेतले, तेव्हाच्या तहांत तिथल्या रहिवाशांना नागरिकत्वाचे आश्वासन होते. १८६७ च्या अलास्काच्या तहातही ते होते, मात्र तिथल्या ‘असंस्कृत’ जमाती वगळून. १८९८ साली अपवादाचाच नियम झाला.

फिलिपिनो गप्प बसले नाहीत. ४ फेब्रुवारी १८९९ ला मनिलाजवळ गोळीबार सुरू झाला आणि दोन दिवसांनी सिनेटने ५७ विरुद्ध २७ मतांनी तह मंजूर केला. युद्ध १९०२ पर्यंत अधिकृतपणे चालले. सुमारे ४,२०० अमेरिकन सैनिक आणि २०,००० हून अधिक फिलिपिनो लढवय्ये मेले. हिंसा, उपासमार आणि रोगराईने दोन लाखांपर्यंत सामान्य माणसे दगावल्याचा अंदाज अमेरिकन सरकारचे स्वतःचे इतिहासकार देतात. आपल्या मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने गोऱ्या माणसाच्या ओझ्यावरची आपली प्रसिद्ध कविता याच प्रसंगी, फेब्रुवारी १८९९ मध्ये, अमेरिकेला उद्देशून छापली. ओझे कोणाचे आणि पाठ कोणाची, हे विचारायला कवीला सवड नव्हती. या युद्धावर काळ्या सैनिकांच्या पलटणीही पाठवण्यात आल्या होत्या. त्यांतला डेव्हिड फेगन हा तरुण शिपाई १८९९ च्या नोव्हेंबरात पलटण सोडून फिलिपिनोंना जाऊन मिळाला आणि त्यांच्या बाजूने लढला. आपण कोणावर बंदूक रोखतो आहोत हे त्याला समजले होते.

आता स्थलांतराच्या कायद्याकडे येऊ. वरवर पाहता हा वेगळा विषय वाटतो, पण तसा तो नाही. ६ मे १८८२ रोजी अमेरिकेने चिनी मजुरांना दहा वर्षे देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला. पॅसिफिक रेल्वेचे सर्वांत अवघड काम ज्यांनी केले, डोंगर फोडले, त्यांनाच रेल्वे झाल्यावर दार बंद! १८९२ साली बंदी वाढली आणि देशात असलेल्या प्रत्येक चिनी मजुराने रहिवासाचा दाखला जवळ बाळगावा अशी सक्ती आली. दाखला नसेल तर अटक आणि हद्दपारी. दाखला वेळेत काढता आला नसेल तर कायदा झाला तेव्हा आपण देशात राहत होतो हे पटवण्यासाठी किमान एक गोरा साक्षीदार लागे. १९०२ साली बंदीची मुदतच काढून टाकली. सर्वोच्च न्यायालयाने १८८९ साली सांगितले की परकीयांना रोखण्याचा अधिकार हा सार्वभौमत्वाचाच भाग आहे. १८९३ साली सांगितले की हद्दपारी ही शिक्षाच नव्हे, त्यामुळे आरोपीला मिळणारी संरक्षणे तिथे लागू नाहीत. वीस-वीस वर्षे राहिलेल्या माणसाला घरातून उचलून बोटीत बसवणे ही शिक्षा नाही, हे विद्वान न्यायमूर्तींचे मत! त्यांपैकी तिघांनी मात्र भिन्नमत नोंदवले, हेही सांगितले पाहिजे.

आणि बेटे ताब्यात येताच पहिले काय केले? जुलै १८९८ मध्ये हवाई बेटे खालसा करणाऱ्या ठरावातच लिहिले की यापुढे चिनी माणूस हवाईत येणार नाही आणि हवाईत असलेला चिनी अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जाणार नाही. सप्टेंबरात जनरल ओटिस यांनी लष्करी हुकमाने चिनी बंदी फिलिपाईन्समध्ये लागू केली. तहावर अजून सह्या व्हायच्या होत्या! संविधान बेटांवर पोहोचायला तयार नव्हते, पण बंदीचा कायदा मात्र झेंड्याबरोबरच पोहोचला.

असे का झाले हे समजून घ्यायचे तर सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका आचाऱ्याचा खटला पाहावा लागेल. वाँग किम आर्क हा त्या शहरात चिनी आईबापांच्या पोटी जन्मला. चीनला जाऊन तो १८९५ च्या ऑगस्टमध्ये परत आला तेव्हा त्याला उतरू दिले नाही. कित्येक महिने बंदरातल्या बोटींवर त्याला अडकवून ठेवले. सरकारचे म्हणणे, हा चीनच्या बादशहाचा प्रजाजन आहे. त्याचे म्हणणे, मी इथे जन्मलो, चौदाव्या दुरुस्तीप्रमाणे नागरिक आहे. चौदावी दुरुस्ती ही यादवी युद्धानंतर, मुक्त झालेल्या गुलामांचे नागरिकत्व पक्के करण्यासाठी १८६८ साली आली. काळ्यांच्या मुक्तीसाठी बांधलेल्या त्या छपराखाली हा चिनी आचारी जाऊन उभा राहिला आणि २८ मार्च १८९८ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी जिंकला. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो नागरिक, मग आईबाप कोणीही असोत.

विरोधात गेलेल्या दोघांत न्यायमूर्ती हार्लन होते. प्लेसी खटल्यात एकट्याने काळ्यांच्या बाजूने उभे राहिले तेच हार्लन. आपल्या सभांतून त्यांचे नाव आदराने घेतले जाते आणि घ्यावेही. पण त्या गाजलेल्या भिन्नमतातही त्यांनी चिनी वंशाबद्दल जे हेटाळणीचे उद्गार काढले आहेत ते सहसा कोणी वाचून दाखवत नाही. एका पायरीवर न्यायी असलेला माणूस दुसऱ्या पायरीवर आंधळा असू शकतो. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध असमानतेचे जे विश्लेषण केले ते आठवल्यावर याचे आश्चर्य वाटत नाही.

आता पेच लक्षात घ्या. मार्च १८९८ मध्ये न्यायालय म्हणाले की अमेरिकेच्या भूमीवर जन्मेल तो नागरिक. डिसेंबरात लक्षावधी फिलिपिनो राहतात ती भूमी अमेरिकेची झाली. मग मनिलात जन्मणारे मूल कोण? निकाल सरळ लावला तर ते अमेरिकेचे नागरिक! हे कसे पचावे?

उत्तर शोधण्यासाठी संत्र्यांचा खटला कामाला आला. डाउन्स नावाच्या व्यापाऱ्याने प्युर्टो रिकोहून न्यूयॉर्कला संत्री आणली. त्यावर ६५९ डॉलर ३५ सेंट जकात घेतली गेली. त्याचे म्हणणे साधे होते. प्युर्टो रिको अमेरिकेत आहे, देशातल्या देशात जकात कसली? २७ मे १९०१ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी तो हरला. निकाल जाहीर केला न्यायमूर्ती हेन्री ब्राऊन यांनी. प्लेसी खटल्यात वेगळ्या डब्यांना मान्यता देणारे निकालपत्र लिहिणारे ते हेच. त्यांनी मनातली भीती लपवलीच नाही. या बेटांना संविधान आपोआप लागू झाले तर तिथे जन्मणारी मुले, रानटी असोत की सुसंस्कृत, नागरिक होतील आणि त्याचे परिणाम अत्यंत गंभीर होतील, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. परक्या वंशाचे, वेगळ्या धर्माचे, वेगळ्या चालीरीतींचे लोक अँग्लो-सॅक्सन तत्त्वांनी चालवणे काही काळ अशक्य असू शकते, असेही त्यांनी म्हटले. खटला संत्र्यांचा, भीती मुलांची!

याच खटल्यात न्यायमूर्ती एडवर्ड व्हाइट यांनी एक नवी युक्ती मांडली. हे गृहस्थ तरुणपणी गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या फौजेत होते. त्यांनी प्रदेशांचे दोन प्रकार केले. एक ‘समाविष्ट’, म्हणजे पुढेमागे राज्य होणारा. दुसरा ‘असमाविष्ट’, म्हणजे अमेरिकेच्या मालकीचा, पण अमेरिकेचा भाग नसलेला. जगाच्या दृष्टीने तो प्रदेश आमचा, आमच्या दृष्टीने परका! संविधानात हा शब्द कुठेही नाही. प्रदेश असमाविष्ट ठरला की तिथे संविधानाची मोजकीच कलमे लागू होतात, आणि मोजकी म्हणजे कोणती ते गोऱ्यांचे न्यायालय ठरवते. गावात राहा, राबा, पण पाणवठा तुमचा नाही, याची ही कायद्याच्या भाषेतली आवृत्ती म्हणावी लागेल.

पुढच्याच वर्षी हा प्रश्न माणसाच्या रूपात न्यूयॉर्कला उतरला. इसाबेल गोन्झालेझ ही वीस वर्षांची गर्भवती तरुणी १९०२ च्या ऑगस्टमध्ये प्युर्टो रिकोहून बोटीने आली. तिला एलिस आयलंडवर अडवले. सरकारवर बोजा होण्याचा संभव, हे कारण. एकट्या, गरीब, गर्भवती स्त्रीला परत पाठवायला हे कलम फार सोयीचे होते. तिने खटला भरला. दरम्यान ती सुटली, तिचे लग्न झाले, प्रश्न तिच्यापुरता मिटलाही होता. तरी तिने खटला सोडला नाही, कारण प्रश्न सगळ्या बेटाच्या दर्जाचा होता. ४ जानेवारी १९०४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की ही स्त्री परकीय नाही. मग नागरिक आहे का? त्यावर न्यायालय काहीच बोलले नाही. ना परकी, ना नागरिक. यातूनच ‘नॅशनल’ नावाची एक मधली जात तयार झाली. निष्ठा पूर्ण द्यायची, हक्क अर्धे घ्यायचे.

१९१७ साली प्युर्टो रिकोच्या लोकांना नागरिकत्व मिळाले, पण तेही अर्धेच. बाल्झाक नावाच्या प्युर्टो रिकन संपादकावर वर्तमानपत्रातील लेखनावरून बदनामीचा खटला झाला. त्याने ज्युरी मागितली. १९२२ साली न्यायालय म्हणाले, तुम्ही नागरिक असलात तरी तुमचा प्रदेश असमाविष्ट आहे, ज्युरीचा हक्क नाही. निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश होते विल्यम टाफ्ट. हे टाफ्ट आधी फिलिपाईन्सचे गव्हर्नर होते, मग अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, मग सरन्यायाधीश. वसाहतीवर राज्य करणाऱ्यानेच वसाहतीच्या हक्कांचा फैसला केला!

वाचकहो, साम्राज्याला अमेरिकेत विरोध झाला नाही असे नव्हे. १८९८ साली बोस्टनमध्ये साम्राज्यविरोधी संघटना उभी राहिली. मार्क ट्वेन, जेन अ‍ॅडम्स यांच्यासारखी माणसे तिच्यात होती. पण त्याच बाजूला कामगार पुढारी सॅम्युएल गॉम्पर्सही होते, ज्यांना भीती होती की बेटे घेतली तर तिथले स्वस्त मजूर इथे येतील. साउथ कॅरोलिनाचे सिनेटर टिलमन होते, काळ्यांचा मताधिकार आपण हिसकावून घेतला असे उघड अभिमानाने सांगणारे. त्यांचा विरोध साम्राज्याला नव्हता, त्वचेच्या रंगाला होता. साम्राज्यवादी म्हणत, जमीन घेऊ, माणसांना हक्क देऊ नका. हे विरोधक म्हणत, माणसे नकोत म्हणून जमीनही नको. वसाहतीतल्या माणसाच्या बाजूने कोण होते? मोजकेच. काळ्या विचारवंतांपैकी डु बॉइस यांनी १९०३ साली वर्णरेषेचा प्रश्न मांडला तेव्हा त्यात आशिया, आफ्रिका आणि समुद्रातली बेटेही धरली होती. १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागितली, ते हेच डु बॉइस.

गॉम्पर्स यांच्या बाजूचा शेवट पाहण्यासारखा आहे. चिनी बंद केले, १९०७-०८ मध्ये जपानशी समझोता करून जपानी मजूर बंद केले. मग हवाईच्या उसाच्या मळ्यांना मजूर कुठून? १९०६ पासून फिलिपिनो आणले गेले. ‘नॅशनल’ असल्याने त्यांना रोखता येत नव्हते. पुढे ते कॅलिफोर्नियाच्या शेतांत पोहोचले आणि १९३० च्या जानेवारीत वॉटसनव्हिल येथे गोऱ्या जमावाने त्यांच्यावर हल्ले केले. मग १९३४ साली कायदा आला. त्यात फिलिपाईन्सला दहा वर्षांच्या संक्रमणानंतर स्वातंत्र्य देण्याचे ठरले, आणि त्याच कायद्यात फिलिपिनोंना स्थलांतरापुरते तत्काळ परकीय ठरवून वर्षाला पन्नास जणांची मर्यादा घातली. स्वातंत्र्याला दहा वर्षे, बंदीला एक दिवसही नाही!

या सगळ्यात हिंदुस्थानातला माणूस कुठे होता? ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावात जमावाने लाकूड गिरण्यांतल्या शीख मजुरांना मारहाण करून हाकलून लावले. ५ फेब्रुवारी १९१७ च्या कायद्याने आशियाचा बहुतेक भाग, हिंदुस्थानसह, प्रवेशबंदीच्या पट्ट्यात टाकला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते; त्यांनी न्यूयॉर्क सोडल्यानंतर काही महिन्यांनी ही बंदी आली.

नागरिकत्वाचा प्रश्न त्याहून बिकट होता. परकीयांपैकी फक्त ‘गोरा’ माणूस आणि आफ्रिकी वंशाचा माणूस नागरिक होऊ शकत असे. तेव्हा आपल्याकडच्या लोकांनी काय युक्तिवाद केला? ए. के. मोझुमदार यांनी १९१३ साली न्यायालयाला सांगितले की आपण शुद्ध रक्ताचे, क्षत्रिय जातीचे उच्चवर्णीय हिंदू आहोत, आणि नागरिकत्व मिळवले. भगतसिंग थिंड हा अमृतसरकडचा शीख तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. त्याच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात मांडले की हा उच्चवर्णीय आर्य आहे. उच्चवर्णीय हिंदू आपल्या देशातल्या आदिवासींकडे लग्नसंबंधाच्या बाबतीत त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच विटाळ पाळतो, आम्हाला तुमच्यात घ्या! ज्या शहरात बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये निबंध वाचून जातीबाहेर लग्नाची बंदी हेच जातीचे मूळ असल्याचे दाखवले, त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयात सात वर्षांनी ती बंदी गुणवत्तेचा पुरावा म्हणून सादर झाली.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती सदरलँड यांनी थिंडचा दावा फेटाळला. जातीचे नियम मिश्रण रोखण्यासाठी असले तरी त्यांना पूर्ण यश आलेले दिसत नाही, असे त्यांनी नोंदवले. आणि ‘गोरा’ कोण हे शास्त्र नव्हे, सामान्य माणसाची समजूत ठरवील, असे सांगितले. याच न्यायमूर्तींनी तीन महिने आधी ओझावा या जपानी अर्जदाराला, गोरा म्हणजे कॉकेशियन आणि तू कॉकेशियन नाहीस, म्हणून नाकारले होते. थिंड कॉकेशियन निघाला तर कसोटीच बदलली. पाठोपाठ मोझुमदारांसह अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्व काढून घेण्यात आले. चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे सर्वांसाठी दार उघडा असे म्हणणारा वाँग किम आर्क जिंकला होता. मला वरच्या पायरीवर घ्या म्हणणारे हरले, आणि जिंकले असते तरी खालच्यांना त्याचा काय उपयोग होता? भारतीय आणि फिलिपिनोंना नागरिक होण्याची मुभा १९४६ च्या कायद्याने मिळाली, भारतासाठी वर्षाला शंभर जणांच्या कोट्यासह.

हा जुना इतिहास म्हणून बाजूला ठेवता येत नाही. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला, की आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेले मूल नागरिक मानू नये. पुण्या-नागपुराहून एच-१बी व्हिसावर गेलेल्या आपल्या मुला-मुलींच्या लेकरांना हा आदेश थेट लागू होणारा होता. कनिष्ठ न्यायालयांनी तो अडवला, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या लेकरांच्या बाजूने जो निवाडा पुढे केला गेला तो त्या चिनी आचाऱ्याचा.

आणि संत्र्यांचा निकालही अजून रद्द झालेला नाही. प्युर्टो रिकोत राहणाऱ्या नागरिकाला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. २०२२ साली न्यूयॉर्कहून प्युर्टो रिकोला राहायला गेलेल्या एका अपंग माणसाचा केंद्रीय भत्ता बंद करणे सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरवले. न्यायमूर्ती गॉर्सच यांनी त्यात लिहिले की बेटांविषयीच्या त्या जुन्या निकालांना संविधानात आधार नाही, ते वंशद्वेषी समजुतींवर उभे आहेत. असे लिहून त्यांनी मत मात्र बहुमताबरोबरच दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकन सामोआच्या रहिवाशांचा नागरिकत्वाचा अर्ज न्यायालयाने ऐकायलाच नकार दिला. सामोआच्या स्थानिक सरकारचाही त्या अर्जाला विरोध होता. नागरिकत्व आले तर आपली सामूहिक जमीनधारणा मोडेल ही त्यांची भीती. तीही खोटी म्हणता येत नाही. सामोआत जन्मलेला माणूस अमेरिकन सैन्यात भरती होऊ शकतो, मरू शकतो. त्याच्या पासपोर्टवर मात्र नोंद असते की धारक अमेरिकेचा नॅशनल आहे, नागरिक नाही.